भीमा-नीरेच्या बेचक्यात

इंदापूर तालुक्यातल्या कळसच्या माळावर उभं राहिलं की उत्तरेला भीमा असते आणि दक्षिणेला नीरा. दोन्ही नद्या पूर्वेकडे वाहताना एकमेकींच्या जवळ सरकत जातात आणि तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूरला, एक होतात. मधला सगळा मुलूख या बेचक्यात सापडलेला. पाऊस बेताचा. कालव्याचं आणि उजनीचं पाणी येण्याआधी बाजरी, शाळू आणि मेंढरं यांवर जगणारा हा भाग. इथे ना सह्याद्रीसारखे कडे आहेत, ना लपायला जंगल. उत्तरेकडून घोडदळ आलं की ते सरळ नीरेच्या काठापर्यंत येऊ शकतं आणि दक्षिणेकडून आलं तर भीमेपर्यंत.

सतराव्या शतकात नेमकं तेच होत राहिलं. १६३६ सालच्या एका तहाने या मुलखाच्या उत्तर कडेची भीमा ही दोन मोठ्या सत्तांची सरहद्द झाली. नदीच्या अलीकडे विजापूरची आदिलशाही, पलीकडे शहाजहानची मोगलाई. त्या तहाने दोन्ही दरबारांना वीस वर्षं एकमेकांपासून निर्धास्त केलं. ती वीस वर्षं मिळवण्यासाठी काय मोजलं गेलं आणि ते कुणी मोजलं, हे समजायचं तर गोष्ट थोडी आधीपासून सांगावी लागते.

बहमनी राज्य मोडल्यावर दख्खनेत ज्या शाह्या उभ्या राहिल्या, त्यांतली अहमदनगरची निजामशाही ही उत्तरेकडची. त्यामुळे दिल्ली-आग्र्याकडून येणारा प्रत्येक वार आधी तिच्यावर पडायचा. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला, तेव्हा चांदबिबीने तट लढवला. तरी वऱ्हाड द्यावंच लागलं. १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्लाही पडला. राज्य मात्र संपलं नाही. हबशी सरदार मलिक अंबरने परांड्याला दुसरा निजामशहा गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनेत स्वस्थ बसू दिलं नाही. त्याच्या गनिमी लढाईत मराठे सरदार होते. वेरूळच्या भोसल्यांचे मालोजीराजे त्यांतलेच. ते याच बेचक्यात, इंदापूरच्या लढाईत, पडले. त्या लढाईचं साल अभ्यासकांवर सोडू. इंदापुरात मालोजीराजांची गढी आजही लोक दाखवतात. भोसल्यांचं या भागाशी असलेलं नातं असं रक्ताने सुरू झालं.

निजामशाही उभी आहे तोवर विजापूरला मोगलांची थेट झळ लागत नव्हती. विजापूरच्या दृष्टीने नगर म्हणजे उत्तरेकडची भिंत. कौटिल्याचा हिशोब मात्र वेगळं सांगतो: लगतचा राजा हा स्वाभाविक शत्रू आणि त्याच्या पलीकडचा स्वाभाविक मित्र. आदिलशहांना हे दोन्ही हिशोब पटत होते आणि त्यांची सगळी धोरणं या दोन हिशोबांत हेलकावे खात राहिली. सोलापूरचा किल्ला हे दोघांमधलं जुनं भांडण. ते डोळ्यांसमोर आलं की निजामशाही शत्रू वाटायची. मोगल नर्मदा उतरले की तीच भिंत वाटायची.

१६२४ मध्ये या हेलकाव्याचा पहिला मोठा परिणाम दिसला. मोगल सुभेदाराशी दोस्ती करायला मलिक अंबर आणि इब्राहिम आदिलशहा हे दोघेही उत्सुक होते. मोगलांनी विजापूरला जवळ केलं. अंबर एकटा पडला आणि त्याने नगरजवळच्या भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना गाठलं. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या तळाभोवती चिखल करून टाकला आणि मग झडप घातली. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद मारला गेला. अंबरच्या बाजूने लढताना मालोजीराजांचे पुत्र आणि शहाजीराजांचे सख्खे भाऊ शरीफजी कामी आले. त्यानंतर अंबर थांबला नाही. त्याने थेट विजापूरच्या वेशीवरचं नौरसपूर लुटलं आणि सोलापूर घेतलं. ज्या दोन राज्यांनी मिळून उत्तरेकडे तोंड करायचं, ती एकमेकांची शहरं जाळत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. या लढाया धर्माच्या होत्या असं समजलं तर त्यातलं काहीच उलगडत नाही. दोन्ही शाह्या मुसलमान, मोगलही मुसलमान. तिन्हीकडे मराठे सरदार, तिन्हीकडे ब्राह्मण कारभारी. प्रत्येक दरबार आपल्या दौलतीला काय सोयीचं ते बघत होता. त्याच काळात युरोपातही हेच चाललं होतं. फ्रान्सचा कारभार कॅथलिक पंथाचा कार्डिनल रिशल्यू पाहत होता आणि १६३५ मध्ये त्याने फ्रान्सला प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने कॅथलिक हॅब्सबर्गांविरुद्ध युद्धात उतरवलं. राष्ट्रहित हा शब्द तेव्हा आपल्याकडे नव्हता. ‘दौलत’ आणि ‘पातशाही’ हे शब्द होते आणि त्यांत जवळपास तोच अर्थ होता.

१६२६ मध्ये मलिक अंबर गेला. १६२७ मध्ये इब्राहिम आदिलशहा आणि जहांगीर, दोघेही गेले. तीन जाणती माणसं दीड वर्षाच्या आत पटावरून उठली. आग्र्याला शहाजहान बसला. दख्खन त्याने राजपुत्र असताना स्वतः लढून पाहिली होती आणि तिथली एकेक दुखरी नस त्याला ठाऊक होती. निजामशाहीत मात्र संशयाचं राज्य सुरू झालं. जुलै १६२९ मध्ये सिंदखेडचे लखुजीराव जाधव, शहाजीराजांच्या पत्नी जिजाबाईंचे वडील, दौलताबादेच्या दरबारात मुलांसह दग्याने मारले गेले. शहाजीराजांनी निजामशहाची चाकरी सोडली आणि ते पुणे परगण्यात आले. तिथून ते आपल्या हिमतीवर हालचाली करू लागले, तेव्हा विजापूरला ते खपलं नाही.

मग जे घडलं ते या भागातल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलं आहे. विजापूरचा सरदार मुरार जगदेव पुण्यावर आला. त्याने कसबा जाळला, वाडे पाडले, गाढवांचा नांगर फिरवला आणि इथे पुन्हा कुणी वस्ती करू नये म्हणून पहार ठोकली. पुणे-सुप्यावर नजर ठेवायला यवतजवळ भुलेश्वराच्या डोंगरावर त्याने दौलतमंगळ नावाचा किल्ला बांधला. भुलेश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्याला त्याचे अवशेष आजही दिसतात. त्या किल्ल्याच्या तटावरून पूर्वेकडे पाहिलं तर हाच बेचक्यातला सपाट मुलूख पसरलेला असतो. किल्ला कुणासाठी आणि कुणावर नजर ठेवायला बांधला, हे तिथे उभं राहिलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आणि याच वेळी पाऊस गेला. १६३० ते १६३२ चा दुष्काळ दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पडला. देहूला तुकोबांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नान्न करत गेली, हे मराठी माणसाला माहीत आहे. जिथे मुळातच पाऊस कमी, त्या भीमा-नीरेच्या माळावर काय झालं असेल त्याची कल्पना करता येते. जुन्या कागदांत अशा गावांसाठी एक शब्द येतो: ‘बेचिराग’. जिथे संध्याकाळी दिवा लावायला माणूस उरला नाही, ते गाव. दुष्काळाने गाव बेचिराग होतं आणि फौजेनेही होतं. फौज दुष्काळात आली, तर उरलंसुरलं बियाणं आणि कडबाही घेऊन जाते. शहाजहानच्या फौजा नेमक्या त्या दोन वर्षांत दख्खनेत उतरल्या होत्या.

शहाजीराजे १६३० मध्ये मोगलांकडे गेले आणि त्यांना पाच हजारी मनसब मिळाली. दोन वर्षांत तेही मोडलं. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने आपल्याच निजामशहाला मारून एका मुलाला गादीवर बसवलं आणि मोगलांची ताबेदारी कबूल केली. त्याच्या बदल्यात शहाजींना दिलेला मुलूख बादशहाने फतेहखानाला देऊन टाकला. राजे विजापूरकडे वळले. १६३३ मध्ये दौलताबादेभोवती जो खेळ झाला तो तर चक्रावून टाकणारा आहे. विजापूरकर शहाजींच्या सल्ल्याने दौलताबाद घ्यायला निघाले. फतेहखानाने घाबरून मोगल सुभेदार महाबतखानाला बोलावलं. महाबतखान येतो आहे म्हटल्यावर विजापूरकरांना वाटलं, किल्ला मोगलांच्या घशात जाण्यापेक्षा फतेहखानाकडेच राहिलेला बरा. त्यांनी त्याला पैसा आणि धान्य देऊ केलं. फतेहखानाने पुन्हा बाजू बदलली. महाबतखानाने संतापून वेढा घातला आणि जूनमध्ये किल्ला घेतला. साडेदहा लाख रुपये घेऊन फतेहखानाने किल्ल्या दिल्या. निजामशहा म्हणून बसवलेला मुलगा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेला.

निजामशाही इथेच संपली असती. ती आणखी तीन वर्षं जगली ती शहाजीराजांमुळे. त्यांनी निजामशाही घराण्यातला दुसरा एक लहान मुलगा शोधून काढला, संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने कारभार हाती घेतला. जुन्नर, नाशिक, उत्तर कोकण हा पट्टा त्यांनी पुन्हा जोडला. या कामात त्यांच्या पाठीशी कोण उभं होतं? विजापूर, आणि विजापूरच्या वतीने तोच मुरार जगदेव, ज्याने तीन वर्षांपूर्वी पुण्यावर नांगर फिरवला होता. दोघे भीमा-इंद्रायणीच्या संगमावर एकत्र आले. तिथे मुरारने हत्तीची तुला केली. हत्ती तोलायचा कसा असा प्रश्न पडला तेव्हा शहाजीराजांनी त्याला नावेत चढवलं, नाव पाण्यात किती बुडाली तिथे खूण केली आणि तेवढी नाव बुडेपर्यंत दगड भरून ते तोलले, अशी आठवण सांगतात. नागरगावचं तुळापूर झालं ते तेव्हापासून. काल गाव जाळणारा आज शेजारी बसून दान करतो, हे पाहून आपल्याला आज चमत्कारिक वाटेल. विजापूरने १६३० मध्ये शहाजीला मोडायचा प्रयत्न केला, कारण तेव्हा ते त्याच्या सरहद्दीवरचं बंड होतं. १६३३ मध्ये त्यालाच उचलून धरलं, कारण आता मोगल आणि विजापूर यांच्यामध्ये भिंत म्हणून दुसरं काहीच उरलं नव्हतं.

शहाजहानने हे ओळखलं. १६३४ मध्ये परांड्याचा वेढा फसला, महाबतखान मेला, आणि दख्खनचं काम सुभेदारांवर सोडून भागणार नाही हे बादशहाला कळून चुकलं. तिकडे विजापूरच्या दरबारात फूट पडली होती. १६३५ मध्ये तिथला कारभारी खवासखान आणि मुरार जगदेव दोघेही मारले गेले. मोगलांना ठामपणे विरोध करावा असं मानणारा पक्षच गळून पडला. फेब्रुवारी १६३६ मध्ये शहाजहान स्वतः दौलताबादेला येऊन बसला. तिथून त्याने सेना पाठवल्या: काही शहाजींच्या मागे जुन्नर-नाशिककडे, बाकीच्या विजापूरच्या मुलखात. त्यांना हुकूम होता मुलूख उजाड करण्याचा. विजापूरकरांनीही स्वतःच्या हाताने राजधानीभोवतीची पाणवठ्याची ठिकाणं मोडली, शहापूरचा तलाव रिता केला, आसपासची माणसं आणि धान्य तटाच्या आत नेलं, म्हणजे वेढा घालणाऱ्याला थेंबभर पाणी मिळू नये. शहर वाचलं. सेना मागे सरल्या. बाहेरचा मुलूख दोन्हीकडून जळाला.

मग मे १६३६ मध्ये तह झाला. त्याची कलमं पाहिली की त्या काळची राज्यं आपलं हित कशात मानत होती ते लख्ख दिसतं. आदिलशहाने बादशहाचं वर्चस्व मान्य करायचं आणि वीस लाख रुपये पेशकश द्यायची. निजामशाही संपली असं दोघांनी मानायचं आणि तिचा मुलूख वाटून घ्यायचा. विजापूरच्या वाट्याला पन्नास परगणे आले, वर्षाला वीस लाख होन, म्हणजे ऐंशी लाख रुपये उत्पन्नाचे. त्यांत सोलापूर, परांडा, कोकण आणि भीमा-नीरेच्या मधला हा भाग होता. गोवळकोंड्याशी भांडण झालं तर निवाडा बादशहाचा. एकमेकांचे सरदार फोडायचे नाहीत. आणि एक कलम एका माणसासाठी होतं: शहाजीने जुन्नर, त्रिंबक आणि आपल्याकडचे बाकीचे किल्ले मोगलांना दिल्याशिवाय आदिलशहाने त्याला चाकरीत घ्यायचं नाही. दोन पातशाह्यांच्या तहात एका मराठा सरदाराचं नाव घालावं लागलं, यावरून त्याचं वजन समजतं. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडूनही तेव्हाच कबुली घेतली गेली. त्याच्या खुतब्यात इराणच्या शहाचं नाव होतं, ते काढून मोगल बादशहाचं घालायचं. कंदाहारसाठी इराणशी झुंजणाऱ्या मोगलांना आपल्या पाठीमागे, दख्खनेत, इराणचा हितचिंतक नको होता.

मुहम्मद आदिलशहाने योग्य केलं का? त्याला दोष देणं आज सोपं आहे. त्याचा मुलूख जळत होता, दरबार फुटला होता, आणि शत्रू मुलूखही देऊ करत होता, तोही पिढ्यान् पिढ्या हवा असलेला सोलापूरचा. १६३६ च्या मे महिन्यात त्याच्यापुढे याहून चांगली वाट होती असं मला वाटत नाही. चूक झाली ती आधीच्या दहा-बारा वर्षांत, भिंत उभी असताना. भातवडीच्या वेळी मोगलांशी हातमिळवणी करून विजापूरने जी भिंत स्वतः पोखरली, तिच्याच विटा त्याला आता वाटणीत मिळत होत्या. आता उत्तरेला मध्ये कुणी उरलं नव्हतं. भिगवणसमोर नदी ओलांडली की राशीनच्या बाजूला मोगलाई सुरू.

शहाजीराजे पावसाळाभर लढत राहिले. मोगल सरदार खानजमान आणि आदिलशाही सरदार रणदुल्लाखान, दोघे मिळून त्यांच्या मागे होते. अखेर माहुलीच्या किल्ल्यात ते कोंडले गेले आणि १६३६ च्या अखेरीस त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. त्यांच्याजवळचा छोटा निजामशहा मोगलांच्या हवाली झाला. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही जहागीर त्यांच्याकडे राहिली, पण ते स्वतः तिथे राहायचे नव्हते. त्यांना कर्नाटकात धाडलं गेलं. मोगल सरहद्दीपासून दूर ठेवलेला हा सरदार विजापूरच्या दक्षिण मोहिमेत मात्र फार उपयोगी पडणार होता. त्यांना बंगळूर मिळालं. मागे जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेवांनी पाहायचा आणि तिथे जिजाबाई व शिवाजीराजे यांनी येऊन राहायचं ठरलं.

तहाने विजापूरला खरोखर पुष्कळ दिलं. उत्तरेची काळजी मिटल्यावर त्याच्या फौजा कर्नाटकात जिंजीपर्यंत गेल्या. राज्य इतकं मोठं पूर्वी कधी नव्हतं. गोलघुमट त्याच मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. मोगलांनाही कंदाहार आणि बल्खकडे बघायला मोकळीक मिळाली. दोघांच्याही नजरा या बेचक्यावरून उठल्या. दुष्काळाने आणि तीन सैन्यांनी पिळलेल्या, सरहद्दीवरच्या या कोरड्या मुलखात दोघांनाही वसूल करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

इथे काय झालं, ते सावकाश झालं. परागंदा झालेल्या रयतेला दादोजींनी कौल देऊन परत बोलावलं. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग वर्षागणिक थोडा वाढता, अशा इस्ताव्याने गावं बसवली. माणसं नसलेल्या रानांत लांडगे माजले होते. लांडगा मारून आणणाऱ्याला बक्षीस दिलं जाई, अशी हकीकत आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळरानावर आजही लांडगे आहेत, वनखातं त्यांना जपतं. तेव्हा शेतकऱ्याच्या मेंढरांची आणि पोरांची त्यांच्यापासून राखण करावी लागत होती. राजनीतीच्या पुस्तकांत सुरक्षा म्हणजे फौजा, किल्ले आणि तह. जहागिरीतल्या कुणब्याला मात्र रात्री मेंढवाडा शाबूत राहणं आणि पेरलेलं आपल्याच खळ्यावर येणं, एवढी सुरक्षा हवी होती. बऱ्याच वर्षांनी ती कुणीतरी देत होतं. पुढे १६४७ मध्ये दादोजी वारले आणि शिवाजीराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा बारामती आणि इंदापूरच्या ठाण्यांवरचे अंमलदार न कुरकुरता त्यांच्याकडे रुजू झाले. सुपे मात्र सावत्र मामा संभाजी मोहित्यांकडून काढून घ्यावं लागलं.

शहाजींच्या या मुलानेही धडा चुकवला नाही. दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये बसून तो त्यांचा हिशोब शिकत होता. १६४८ मध्ये जिंजीजवळ विजापूरच्या सेनापतीने शहाजीराजांना कैद केलं. पकडायला बाजी घोरपडे पुढे होता. तेव्हा शिवाजीराजे अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांनी मोगलांच्या दख्खन सुभ्यावर असलेल्या शहाजादा मुरादबक्षशी पत्रव्यवहार सुरू केला आणि मोगल चाकरीची तयारी दाखवली. विजापूरला त्यातला इशारा समजला. १६४९ मध्ये कोंढाणा आणि बंगळूर घेऊन शहाजींना सोडण्यात आलं. ज्या तहाने बापाचे हातपाय बांधले होते, त्याच तहातली दोन सत्तांमधली भीती मुलाने बापाच्या सुटकेसाठी वापरली.

१६५६ च्या नोव्हेंबरात मुहम्मद आदिलशहा वारला आणि वीस वर्षांची शांतता त्याच्याबरोबर संपली. वारसाबद्दल शंका काढून मोगलांनी विजापूरवर स्वारी केली, बीदर आणि कल्याणी घेतली. शब्द मोडायला मोगलांना निमित्तापलीकडे काही लागलं नाही. त्या गडबडीत, १६५७ मध्ये, शिवाजीराजांची माणसं पहिल्यांदा सरहद्द ओलांडून मोगलाईत शिरली. मिनाजी भोसले तीन हजार घोडदळ घेऊन भीमेपार गेला आणि त्याने चांभारगोंदे व राशीनकडची गावं लुटली. राजे स्वतः जुन्नरवर चालून गेले. यावर मोगल सुभेदाराने आपल्या अधिकाऱ्यांना जे हुकूम पाठवले, ते त्याच्या पत्रसंग्रहात आहेत: शिवाजीच्या मुलखात शिरा, गावं उद्ध्वस्त करा, माणसं मारा, पुणे-चाकण पुरतं बेचिराख करा, मिळालेल्या पाटलांना आणि रयतेला सोडू नका. पावसाळा आला, मग शहाजहान आजारी पडला, तख्तासाठी भाऊ भावावर उठला, आणि त्या वेळी तरी या भागावरचं ते संकट टळलं.

ते तीन वर्षांनी आलं. १६६० च्या फेब्रुवारीअखेर शाहिस्तेखान नगरहून निघाला, भीमा उतरून सुप्याला आला आणि एप्रिलच्या सुरुवातीला बारामतीत होता. त्याच वेळी दक्षिणेत सिद्दी जौहर आदिलशहाच्या वतीने पन्हाळ्याला वेढा घालून बसला होता. तीन वर्षांपूर्वी एकमेकांचे गळे धरणाऱ्या दोन पातशाह्या आता एकाच माणसाला दोन बाजूंनी दाबत होत्या; माहुलीला त्याच्या वडिलांना दाबलं होतं तसंच. बारामतीच्या रयतेने चोवीस वर्षांनी पुन्हा मोगलांची छावणी पाहिली. पुढचं पन्हाळ्याचं, लाल महालाचं आणि १६६५ मधल्या पुरंदरच्या तहाचं सगळ्यांना पाठ आहे. पुरंदरनंतर मिर्झाराजे विजापूरवर गेले तेव्हा आदिलशहाने पुन्हा तलाव फोडले, विहिरी नासवल्या, आणि गोवळकोंड्याने मदत पाठवून त्याला वाचवलं. १६३६ मध्ये शेजाऱ्यांची जी एकी जमली नाही ती तेव्हा जमली.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज भागानगरला कुतुबशहाकडे गेले होते. तिथून त्यांनी विजापूरच्या चाकरीत असलेल्या मालोजी घोरपड्याला एक पत्र लिहिलं. मालोजी हा शहाजीराजांना पकडणाऱ्या बाजीचा मुलगा. आणि बाजीला महाराजांच्या लोकांनी मारलेलं. तरी महाराजांनी पत्रात घराण्यांचं जुनं वैर उघडपणे मांडलं आणि ते बाजूला ठेवायला सांगितलं. विजापूरचा कारभार पठाण सरदार बहलोलखानाने बळकावला आहे, तो तसाच राहिला तर दख्खनच्या लोकांची राज्यं बुडतील. कुतुबशहा आणि आपण एक झालो आहोत, तुम्हीही या, दख्खनेची पातशाही दख्खनच्याच लोकांकडे राहू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.  हे पत्र मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थबकतो. आपल्या वडिलांच्या बेड्यांचा राग ज्याला सर्वांत जास्त असायला हवा, तो माणूस तो राग गिळून हिशोब समजावतो आहे. विजापूरने तो ऐकला नाही.

१६८६ च्या सप्टेंबरात विजापूर पडलं, पुढच्या वर्षी गोवळकोंडा. मग बादशहाच्या छावण्या भीमेच्या खोऱ्यात फिरत राहिल्या. संभाजी महाराज पकडले गेल्याची खबर त्याला नीरेकाठच्या अकलूजला मिळाली. त्यांना भीमेकाठी पेडगावच्या बहादुरगडावर आणण्यात आलं, आणि मार्च १६८९ मध्ये त्याच भीमेच्या काठी, जिथे एकदा हत्ती नावेत तोलला होता त्या तुळापूरच्या परिसरात, त्यांची हत्या झाली. १६९५ पासून चार वर्षं बादशहाचा तळ नीरा-नरसिंहपूरच्या खाली, मंगळवेढ्याकडे, ब्रह्मपुरीला होता. तिथला माचणूरचा किल्ला त्याच काळातला.

हा बादशहा औरंगजेब. १६३६ मध्ये तह झाल्यावर जुलैत शहाजहान दख्खनेतून परतला, तेव्हा नव्या सरहद्दीची राखण करायला त्याने दख्खनचा सुभा आपल्या याच मुलाच्या हवाली केला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. १६५७ मध्ये गावं उद्ध्वस्त करायचे हुकूम काढणारा सुभेदारही तोच. ऑक्टोबर १६९९ मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन, त्याने ब्रह्मपुरीचा तळ सोडला आणि तो साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालायला निघाला.